कार्डावरचा मिस्ट

आमच्या अब्बांना भिंती बांधायचा कंटाळा होता. भिंत काय, ओळंबा सोडायचा आणि वर जायचं, असं ते म्हणायचे. त्यांचा जीव घुमटात. कोल्हारला प्रवरेच्या कडेनं जी दोन-चार जुनी लहान घुमटांची बांधकामं होती, त्यांच्या पोटात उभं राहून मान वर करून ते इतका वेळ बघत राहायचे, की माझी अम्मा म्हणायची, ह्या माणसाला जेवायला बोलवायचं तर आधी छप्पर काढावं लागेल. पण गावात घुमट कोण बांधून घेणार? ऊस आला, पैसा आला, तशी लोकांना स्लॅबची हौस. म्हणून अब्बा स्लॅबखालच्या भिंतीच बांधत राहिले, आणि सकाळी साखर कारखान्याचा भोंगा झाला की थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून सायकलवर निघत राहिले. त्या पिशवीत थापीवर थापी आपटून जो आवाज व्हायचा, त्यानं मला जाग यायची. आज नगरच्या घरात मोबाईलमध्ये कोंबडा आरवतो तेव्हा मी उठते. जिल्ह्याचं नाव बदललं, आमच्या तोंडचं नगर काही जात नाही.

आमच्या घरात बोलणं अर्धं दखनी आणि अर्धं मराठी. अब्बा गावात वावरून वावरून घरातही मराठीच बोलायचे, अम्मा भाजीला मीठ पडलं का हे मराठीत विचारायची आणि रागवायची दखनीत. आणि मी, घरातली थोरली, इंग्रजी शिकत होते. बेलापूरच्या बाजारात एका रद्दीवाल्याकडे अब्बांना एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी मिळाली होती, पुठ्ठा नसलेली. अम्मानं तिला जुन्या परकराच्या कापडाचं कव्हर शिवलं. ती डिक्शनरी मी इतकी मिरवली, की गल्लीत मला नसीम कमी आणि डिक्शनरीवाली जास्त म्हणत. कुणाला औषधाच्या बाटलीवरचं वाचून हवं असलं, कुणाच्या मोटारपंपाबरोबर कागद आला, की माणसं आमच्या अंगणात यायची. मी पुस्तक उघडायची, बोट फिरवायची, आणि सांगायची. त्या वयात असं कुणी आपल्या तोंडाकडे बघत बसलं की किती बरं वाटतं, ते आता लिहितानाही आठवतं. न येणारा शब्द आला तर? तर मी आजूबाजूच्या शब्दांवरून काहीतरी जुळवायची. बहुतेक वेळा जुळायचंही.

अब्बांच्या नशिबात घुमट आला तो गोबर गॅसमुळे. जमिनीत गोल खड्डा, त्याच्यावर विटांचा घुमट, आत शेण आणि पाणी, आणि वरून निघालेल्या नळीनं थेट चुलीपर्यंत गॅस. हे बांधायला गवंड्यांना शिकवण्यासाठी एक जर्मन माणूस आमच्या भागात येऊन राहिला. नाव युर्गन. गावानं दोन दिवसांत त्याचा अर्जुनसाहेब केला आणि त्यालाही ते आवडलं. उंच, पोक काढून चालणारा, उन्हानं नाक कायम सोललेलं. त्याला मराठी येत नव्हती, अब्बांना इंग्रजी येत नव्हती, म्हणून शाळा सुटली की मी दोघांच्या मधे. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच शिकलेलं, सावकाश, म्हणून मला कळायचं. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, माझे वडील गवंडी आहेत, लोक त्यांना मिस्त्री म्हणतात. मिस्त्री हा शब्द ऐकून तो गालात हसला, पुन्हा एकदा म्हणून घेतला, आणि पुन्हा हसला. मला वाटलं, परक्या माणसाला आपले शब्द गमतीचे वाटत असतील.

मग ते दोघं कामाला लागले की माझी फारशी गरजच राहायची नाही. मधोमध खुंटी, खुंटीला दोरी, दोरीच्या टोकाशी वीट. वीट दोरीला टेकली की जागेवर. एकेक फेरा आत झुकत जायचा आणि खाली कसलाही टेकू नसताना वीट पडायची नाही. अब्बा आतल्या बाजूनं गिलावा द्यायचे, एकावर एक हात, आणि शेवटचा हात इतका घोटायचे की त्यात तोंड दिसावं. अर्जुनसाहेब त्या गिलाव्यावर तळहात फिरवायचा आणि मान हलवायचा. दुपारी अम्मा डबा पाठवायची. थंडीत एकदा हुलग्याची शेंगोळी पाठवली, लसूण आणि लाल मिरची ठेचून केलेली. अर्जुनसाहेबाच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात पुढे, आणखी द्या. अम्माला हे कळल्यावर तिनं पुढं चार दिवस शेंगोळीच केली. आम्ही पोरं कंटाळलो. पाहुण्याला आवडतंय तर तुमचं काय जातं, असं ती दखनीत म्हणाली, म्हणजे विषय संपला.

अब्बांनी स्वतःच्या हातानं, अर्जुनसाहेब नुसता बघत असताना, बांधलेला पहिला घुमट रंगनाथनानांच्या वस्तीवरचा. नाना ऊसवाले, चार म्हशी, सगळ्या कामाची घाई. त्यांची बायको, कौसाकाकू, चुलीच्या धुरानं सदा डोळे पुसणारी. गॅस खरा तर तिला हवा होता. तिनं नानांच्या मागं महिनाभर टुमणं लावलं होतं. नानांचं झालं की त्याच रस्त्यावरचे आणखी तिघं बांधणार होते, आणि तिघांनी मिस्त्री म्हणून अब्बांनाच सांगितलं होतं. अब्बा त्या दिवसांत घरात चक्क गुणगुणायचे.

घुमट झाला. आता तो शेणानं भरायचा होता, आणि पहिल्या भरणीला शेण खूप लागतं. अब्बांना तेव्हा चार दिवस बेलापूरला एक काम होतं. जाताना त्यांनी नानांना बजावलं, शेण रोजचं ताजं घ्या, शेजारच्या वस्तीवरून आणा, घाई करू नका. नाना व्हय व्हय म्हणाले. अब्बा परत आले तेव्हा भरून झालं होतं, झाकण लागलं होतं. अब्बांना बरं वाटलं. मग आम्ही वाट बघायला लागलो. एक आठवडा, दोन, तीन. कौसाकाकू रोज सकाळी शेगडीची चावी फिरवायची, काडी ओढायची, आणि काडी बोटाला चटका देऊन विझायची. शेवटी ती काड्या ओढायचं सोडून चुलीकडे वळली.

एका सकाळी अर्जुनसाहेब एकटाच वस्तीवर गेला. अब्बा कामावर, मी शाळेत. त्यानं पाईप तपासला, साबणाचं पाणी लावून सांधे बघितले, काठी घालून आतलं शेण ढवळलं. प्रत्येक प्लँटचं एक कार्ड तो स्वतःच्या नोंदींसाठी स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगून ठेवायचा. त्या कार्डावर त्यानं काहीतरी लिहिलं, कौसाकाकूला चार बोटं दाखवली, म्हणजे चार दिवसांनी येतो, मिस्त्रीला घेऊन, आणि गेला. पण चार दिवसांनी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ. त्याला पुण्याला नेलं.

नानांचा धीर सुटला. रविवारी सकाळी ते कार्ड हातात घेऊन आमच्या अंगणात आले, आणि त्यांच्यामागं ते तिघंही. अब्बा बाजेवर बसून थापीचा दांडा बसवत होते.

"मिस्त्री, साहेबानं काय लिवलंय ते पोरीला वाचाया सांगा," नाना म्हणाले. "काय दोष हाय ते कळू दे एकदा."

कार्डावर त्यानं घुमटाचं छोटं चित्र काढलं होतं, अर्ध्या नारळासारखं. खाली चार शब्द. अक्षरं इंग्रजीच, पण शब्द मला ओळखीचे वाटेनात. एक 'के'पासून सुरू होणारा, एक 'डी'पासून, शेवटचा तीनच अक्षरांचा. आणि त्यांच्यात एक, दोन रेघा मारून अधोरेखित केलेला, पुढं उद्गारचिन्ह: एम, आय, एस, टी. तो मला येत होता. तरी मी डिक्शनरी आणली, कारण डिक्शनरी उघडल्यावर लोक गप्प होतात. मिस्ट, धुके, बाष्प. मी दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. तिसरा, नाही. चौघं उभे होते. अम्मा दारात आली होती. मला येत नाही, हे तीन शब्द मला त्या क्षणी कुठल्याच भाषेत आठवले नाहीत.

"धुकं," मी म्हणाले. "म्हणजे वाफ. घुमटातून वाफ बाहेर जातेय, असं लिहिलंय. घुमट गळतोय."

अब्बांनी थापी खाली ठेवली. "नक्की?"

"नक्की."

ते दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी विचारलं नाही.

परवा माझ्या नातीनं तिच्या फोनचा कॅमेरा एका परदेशी चॉकलेटच्या वेष्टनावर धरला आणि क्षणात सगळं मराठीत वाचून दाखवलं. मी तिला म्हटलं, त्यात मिस्ट घालून बघ. तिनं घातलं, आणि फोननं आधी विचारलं, कोणत्या भाषेतला? मी हसले, तिला कळलं नाही का ते. एवढंसं यंत्र, पण त्याला हे विचारायची लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी घुमट फोडला. माथ्याकडून, छिन्नी-हातोड्यानं, स्वतःच्या हातानं बसवलेल्या विटा एकेक करून काढल्या. दिवसभर तोंड उघडं ठेवून आतली हवा जाऊ दिली, आणि मग आरशानं ऊन आत टाकून सगळा गिलावा बघितला. मी तिथं नव्हते. पण घरी आल्यावर ते नीट जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी गावात बातमी पसरली की मिस्त्रीनं चूक कबूल केली. नानांना ते म्हणाले होते, "गिलाव्याला मी कमी पडलो. परत बांधून देतो, माझ्या मजुरीनं." त्या तिघांनी मग बाहेरचा गवंडी बघायचं ठरवलं. एकजण तर अब्बांना रस्त्यात भेटून म्हणाला, "घरं बांधा की मिस्त्री, त्यात तुमचा हात लई चांगला हाय." हे अब्बांनी आम्हाला हसून सांगितलं. अम्मा हसली नाही.

मी तिला म्हटलं, "एवढं वाईट वाटून काय घेतात? गळत होतं तर गळत होतं. कुणाच्याही हातून होतं."

अम्मा भाकरी थापत होती. तिनं थापायचं थांबवलं नाही. "गळत न्हवतं," ती म्हणाली. "आरसा मी धरला हुता. एक चीर न्हाई. आरशागत गिलावा. आत जुनं शेण तरंगत हुतं, उकिरड्यावरचं, काडीकचऱ्याचं, वाळून टणक झालेलं. नानानं उकिरडा उपसून घातला."

"मग अब्बांनी तसं सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर पुढं काय ईचारलं असतं लोकांनी? चांगला घुमट कुणाच्या सांगण्यावरून फोडला, हेच ना?" तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "तुझा बाप म्हनला, मला मिस्त्री नका म्हनू, चालंल. पोरीकडं वाचाया येत्यात लोकं, ती येनं बंद व्हायला नको."

मला वाटलं होतं मला रडू येईल, पण आलं नाही. मी डिक्शनरी काढली आणि ते चार शब्द कार्डावरून उतरवलेल्या कागदावर परत परत वाचले. अब्बांशी बोलायचा धीर झाला नाही. ते माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते. सकाळी शाळेला जाताना सायकलवर मागं बसवून सोडत होते, वाटेत उसाचं कांडं मागून देत होते, आणि त्या नेहमीसारखं वागण्यानंच माझे जास्त हाल होत होते.

अर्जुनसाहेब परतला तेव्हा अर्धा झाला होता. डोळे अजून पिवळसर. थंडी होती, सकाळची वेळ, आणि आम्ही सगळेच नानांच्या वस्तीवर होतो, कारण अब्बांनी नवीन विटांचा पहिला फेरा लावायला घेतला होता. नाना, कौसाकाकू आणि त्या तिघांतले दोघं, काय होतंय ते बघायला. अर्जुनसाहेब फुटक्या घुमटाकडे बघतच राहिला. मग त्यानं मला विचारलं, का? हे का फोडलं? मी कार्ड पुढं केलं आणि त्याच्या शब्दावर बोट ठेवलं. तुम्हीच लिहिलंय ना, मिस्ट.

तो आधी मोठ्यानं हसला. मग अब्बांच्या हाताकडे त्याची नजर गेली, सिमेंटनं खाल्लेल्या बोटांकडे, आणि तो एकदम हसायचा थांबला. त्यानं मला हाताला धरून वस्तीच्या कडेला नेलं. खाली प्रवरेवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. ते दाखवून तो म्हणाला, इंग्रज ह्याला मिस्ट म्हणतात. आमच्यात ह्याचं नाव नेबेल. मग परत गोठ्यापाशी आला, वाकला, म्हशीचं ताजं, वाफाळतं शेण ओंजळीत उचललं, आणि माझ्यापुढं धरलं. "दिस," तो म्हणाला. "दिस इज मिस्ट." आणि ते चार शब्द त्यानं एकेक करून सांगितले. घुमट पक्का. शेण जुनं.

अंगणात सगळे माझ्याकडे बघत होते, नेहमीसारखे, आता ही काय सांगते म्हणून. अब्बाही बघत होते, आणि त्यांनी मान किंचित हलवली. राहू दे, असं. त्यांना कळलं होतं.

मी नानांना म्हटलं, "नाना, साहेबांनी लिहिलं होतं की घुमट चांगलाय. मला ती भाषा येत नव्हती. मी अंदाजानं सांगितलं. अब्बांच्या कामात काही दोष नव्हता, त्यांनी माझी चूक झाकायला स्वतःवर घेतलं. आणि शेण जुनं होतं."

म्हैस तेवढी साखळी वाजवत होती. मग कौसाकाकू पुढं आली, आणि मला वाटलं आता ही मला धरते. पण ती नानांकडे वळली. "ऐकलं का? उकिरडा उपसू नगा, उपसू नगा, म्या किती येळा सांगितलं हुतं? आठ दिसाचं काम एका दिसात कराया पायजे ह्यान्ला! पोरगी येवढीशी, तिनं कबूल केलं. तुमी कवा करनार?"

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मिस्त्री," ते म्हणाले, "विटा मी आनून देतो. मजुरी बी घ्या. दुन्ही बारीची."

अब्बा म्हणाले, "एका बारीची घेतो. एक बारी आमच्याकडं लागली."

घुमट पुन्हा उभा राहिला. या वेळी नाना स्वतः घमेलं घेऊन तीन वस्त्या फिरले, ताज्या शेणासाठी. थंडी असल्यानं गॅसला वेळ लागला, पण एका सकाळी कौसाकाकूचा पोरगा सायकल दामटत आला, अब्बांना आणि मला घेऊन गेला. काडी माझ्या हातात दिली. शेगडीला आधी नुसतीच फुसफुस, मग निळी ज्योत, इतकी निळी की उजेडात दिसेना, म्हणून काकूनं पदराचा आडोसा धरला. मग त्याच ज्योतीवर चहा ठेवला, आणि चहा होईस्तोवर काकू डोळे पुसत होती. सवयीनं पुसतेय की कशानं, ते मी विचारलं नाही. त्या तिघांनी आपापले खड्डे अब्बांकडूनच बांधून घेतले. आणि अर्जुनसाहेबानं जाण्याआधी मला समजावलं, पहिल्या दिवशी मिस्त्री ह्या शब्दाला तो का हसला होता ते. अब्बांना सांगितल्यावर ते म्हणाले, "बरोबरच हाय की. शेणाचंच काम करतो आता."

लोकांचं माझ्याकडे कागद घेऊन येणं काही दिवस कमी झालं. मग पुन्हा सुरू झालं, पण मी बदलले होते. येत नसेल ते येत नाही म्हणायची. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तोंड कडू झालं, नंतर सवय झाली. बारावीनंतर मी हट्टानं पुण्याला गेले आणि जर्मन शिकले. पुढं तीच माझी भाकरी झाली; कारखान्यांचे, यंत्रांचे, औषधांचे कागद मी चाळीस वर्षं मराठीत आणत आले. पण मला सांगायची आहे ती पुण्यातली दुसऱ्या वर्षातली गोष्ट. आमच्या बाई शब्दांची मुळं सांगायच्या. मी भीतभीत मिस्टबद्दल विचारलं. मला वाटलं होतं, एकच शब्द असेल, दोन देशांत जाऊन अर्थ बदललेला. बाई म्हणाल्या, नाही, हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगानं एका तोंडाचे झालेले. डच लोकांत मिस्ट म्हणजे धुकंच, आणि शेणखताला ते मेस्ट म्हणतात, एका स्वराचा फरक. आइसलँडमध्ये मिस्तुर म्हणजे धूसर हवा. इंग्रज ह्या धुक्यावाल्यांच्या बाजूचे. जर्मनांचा मिस्ट मात्र दुसऱ्या मुळाचा, जनावराच्या मलमूत्राचा. आणि मग त्यांनी फळ्यावर देवनागरीत दोन शब्द लिहिले. मेघ. मेह. धुक्याचा मिस्ट ज्या मुळातून आला, त्याच मुळाचा आपला मेघ, असं जाणकार मानतात. आणि शेणाचा मिस्ट ज्यातून आला, त्याचा आपला मेह, म्हणजे लघवी, प्रमेहातला, मधुमेहातला. मी वहीत उतरवून घेतलं. हल्ली डॉक्टर माझ्या रिपोर्टवर मधुमेह लिहितात तेव्हा त्यांना वाटतं, ही बाई आजार ऐकून गप्प झाली.

त्या शनिवारी एसटी पकडून मी कोल्हारला आले. अब्बा एका विहिरीच्या कठड्याचं काम करत होते. मी वाळूच्या ढिगावर बसून त्यांना सगळं सांगितलं, मेघ आणि मेह, इंग्रज आणि जर्मन. ते थापी चालवत ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "म्हंजी इंग्रजानं वर बघून शब्द घेतला, आन जर्मनानं खाली बघून."

"तसंच म्हणा."

"आन तू कुठं बघत हुतीस त्या दिशी?"

मी विचार केला. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. "माणसांकडं," मी म्हणाले. "ते चौघं उभे होते ना, त्यांच्याकडं."

अब्बांनी वीट उचलली, तिला पाणी लावलं, आणि बसवायच्या आधी क्षणभर हातातच धरली.

"मी बी कार्डाकडं बघितलं न्हाई," ते म्हणाले. "मी तुझ्याकडंच बघत हुतो."